मोडीचा ऑनलाइन वर्ग सुरू करायचाय? आधी वह्या कोण तपासणार ते ठरवा

प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा आहे. तालुक्याच्या वाचनालयात ते बरीच वर्षं मोडी लिपीचे दहा दिवसांचे वर्ग घेतात. कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून विचारणा वाढली आहे. मुंबई, बंगळुरू, न्यू जर्सीहून फोन येतात. भाचा चांगला कॅमेरा आणून आख्खा वर्ग चित्रित करून द्यायला तयार आहे. एक कंपनी वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन ‘तुमच्या नावाचं ॲप’ देते म्हणते. तर कोर्स रेकॉर्डेड करावा की लाइव्ह, ॲप घ्यावं का, फी किती ठेवावी, आणि व्हिडिओ चोरीला गेले तर काय करायचं?

सर, थोडक्यात उत्तर असं: ॲप आत्ता घेऊ नका, वर्ग चित्रित करू नका, पहिली बॅच लाइव्ह घ्या आणि तिच्यात पंधराच्या वर माणसं घेऊ नका. आता सविस्तर सांगतो, नाहीतर हा सल्ला नुसता कंजूषपणाचा वाटेल.

मी मोडीचा जाणकार नाही. माझं काम शिकवणाऱ्यांचे कोर्स ऑनलाइन उभे करून देण्याचं. त्यात शिवणकामापासून टॅलीपर्यंत सगळं आलं, आणि मोडी शिकवणारेही आले. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. ऑनलाइन कोर्स म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो. विद्यार्थ्याला मात्र ज्याचा उपयोग होतो ते दुसरंच असतं: त्याने काहीतरी करून पाठवलं आणि कुणीतरी ते बघून सांगितलं की इथे चुकलंय, असं करा. व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, मोडीच्या मुळाक्षरांचेही आहेत. तरीही लोक तुम्हालाच फोन करतात, कारण त्या व्हिडिओंमधून अक्षरं कळतात, कागद वाचता येत नाही. तुमच्या कोर्सचा सगळा आराखडा या तपासणीभोवती बांधायचा. बॅच किती जणांची, फी किती, व्हिडिओ कोणते हे सगळं त्यातून आपोआप ठरतं.

पण त्याआधी शेवटचा दिवस ठरवा. कोर्स संपेल तेव्हा विद्यार्थ्याच्या हातात कोणता कागद देणार आहात?

तुमच्याकडे येणारी माणसं तीन तऱ्हेची असणार. काहींना घरातले किंवा गावातले जुने कागद वाचायचे असतात. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींच्या कामासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून हा ओघ वाढलेला तुम्ही पाहिलाच आहे. या लोकांना हवी असते ती गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, फार तर कुळाची नोंदवही. हे रकान्यांचे कागद. शब्द तेच ते: माणसांची नावं, गावं, जाती, महिने, आकडे. दुसरे लोक इतिहासाचे. त्यांना पेशवे दफ्तरातली पत्रं वाचायची आहेत. तिथे रकाने नाहीत, शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वर फारसी शब्दांचा भरणा. तिसऱ्यांना स्वतःचं नाव आणि सही मोडीत करता आली की पुरे. त्यांना कमी लेखू नका, फी सगळ्यात आधी तेच भरतात.

या तिघांना एकाच वर्गात बसवलंत तर तिसऱ्या आठवड्यात निम्मे गळतील. कोतवाल बुक वाचायला आलेल्याला शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणांतला फरक आत्ता नकोच आहे. त्याला आंग्लकालातला, म्हणजे इंग्रजी अमलातला, एखाद्या तलाठ्याचा घाईतला हात वाचायचाय. वाचनालयात हे खपून जातं, कारण समोर बसलेला माणूस कंटाळला तरी उठून जात नाही. ऑनलाइन तो मुकाट्याने गायब होतो आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून पहिला कोर्स एकाच प्रकारचा करा. माझ्या मते तो गावच्या नोंदींचा असावा. शब्दसंग्रह आटोपशीर आहे, आठ आठवड्यांत माणूस खरंच वाचता होतो, आणि जो वाचता होतो तो आणखी दोघांना सांगतो. इतिहासाची बॅच त्याच्यानंतर काढा, त्यातल्याच उत्साही मंडळींची.

मग उलट्या दिशेने या. शेवटच्या दिवशी अनोळखी गावच्या नोंदवहीचं एक पान वाचता यावं असं ठरलं, की त्या पानाला काय काय लागतं ते लिहून काढा. मुळाक्षरं आणि बाराखडी लागते. मोडीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद नाही हे अंगवळणी पडावं लागतं. जोडून लिहिलेलं तोडता यावं लागतं. शब्दांची आखूड रूपं, आकडे, पाव-अर्धा-पाऊण, आणे-पै, महिन्यांची नावं लागतात. मोडीचा उगम, हेमाडपंताची परंपरा, बोरू कसा कापायचा हे सगळं रंजक आहे, पण त्या पानाला लागत नाही. ते ऐच्छिक व्हिडिओत ठेवा. शिक्षकाचा जीव नेमका तिथेच अडकतो आणि पहिला आठवडा इतिहासात जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने स्वतःचं आणि वडिलांचं नाव मोडीत लिहून फोटो पाठवलाच पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत ज्याने काहीतरी केलं तो टिकतो.

टिकण्याचा प्रश्न किरकोळ नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम जगाला फुकट खुला केला. नाव नोंदवलं सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी. शेवटपर्यंत गेले साधारण २३ हजार. आणि हा आकडा चांगला म्हणावा असा आहे! पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी अभ्यासक्रम एकदा उघडूनही पाहिला नव्हता असं दिसलं. म्हणजे जगातले नामांकित प्राध्यापक, उत्तम चित्रीकरण, शून्य फी, आणि तरी ही गत. ‘कधीही बघा, कितीही वेळा बघा’ ही सोय जाहिरातीत छान दिसते. प्रत्यक्षात ‘कधीही’ म्हणजे कधीच नाही.

त्यावर उपाय म्हणजे तारखा आणि माणसं. अमुक तारखेला सुरू, अमुक तारखेला संपणार, मंगळवार आणि रविवार रात्री साडेआठ, गृहपाठ शुक्रवारपर्यंत. चार-चार जणांचे गट पाडा; गटातल्या एकाचं पान आलं नाही तर बाकीचे तिघं विचारतील, तुम्हाला मागे लागावं लागणार नाही. बॅचचा काळ ठरवताना कॅलेंडर बघा: गणपती, दिवाळी, मार्चअखेर टाळा. तुमच्याकडे शेतकरी विद्यार्थी असतील तर सुगी टाळा. न्यू जर्सीवाल्यांसाठी आपले रविवारचे साडेआठ म्हणजे त्यांच्याकडे रविवार सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं पुढे-मागे होतात, त्या आठवड्यात आठवणीने निरोप टाका. मंगळवारी त्यांना जमणार नाही. त्यांना रेकॉर्डिंग द्या आणि गृहपाठाची मुदत तीच ठेवा.

आता भाच्याच्या कॅमेऱ्याबद्दल. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या तिघांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंवर. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण माणूस सहा मिनिटांच्या पुढे फारसा टिकत नाही, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं वाक्य. तुमच्या कामाचे निष्कर्ष दुसरे आहेत. वर्गात दिलेलं व्याख्यान चित्रित करून मग त्याचे तुकडे पाडले, तर चित्रीकरण उत्तम असलं तरी लोक ते तितकंसं बघत नाहीत. मुळातच छोट्या व्हिडिओसाठी आखलेला पाठ जास्त बघितला जातो. आणि हाताने लिहीत लिहीत समजावलेलं नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवतं. तुमचा विषयच हाताने लिहिण्याचा! फळ्यासमोर उभे असलेले तुम्ही, मागच्या बाकावरून घेतलेला कॅमेरा आणि मध्ये पंधरा डोकी, या चित्रीकरणाचा उपयोग आठवण म्हणून होईल.

तुम्हाला हवा आहे वरून खाली बघणारा फोन. लवचिक मानेचा स्टँड टेबलाला लावा, फोन कागदाच्या बरोबर वर आडवा धरा. चित्र असं दिसलं पाहिजे की बघणारा तुमच्याच खुर्चीत बसून स्वतःच्या हाताकडे बघतोय. समोरून घेतलंत तर अक्षर उलटं दिसतं आणि वळण कुठून सुरू झालं तेच कळत नाही. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. बारीक बॉलपेन नको. जाड टोकाचं पेन घ्या, कारण बघणाऱ्याचा पडदा तळहाताएवढा आहे. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढून अक्षरं तिला लटकवत जायचं असतं, आणि हात शक्यतो उचलायचा नसतो. ही लय दिसायला हवी, म्हणून एकदा तुमच्या नेहमीच्या वेगाने लिहा आणि मग सावकाश. नुसतं सावकाश लिहून दाखवलंत तर विद्यार्थी अक्षर चितारायला शिकतात, लिहायला नाही. जाता जाता: झूमवर स्वतःचा व्हिडिओ तुम्हाला आरशासारखा उलटा दिसू शकतो, पण समोरच्यांना सरळच दिसतो. यावरून दर बॅचच्या पहिल्या दिवशी कुणीतरी घाबरतंच.

चेहरा दाखवायचा का? सुरुवातीला अर्धा मिनिट. बाकी आवाज पुरे, पण आवाज स्वच्छ हवा. धुरकट चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही. हजाराच्या आतबाहेर तारेचा कॉलर माइक मिळतो, तो कॅमेऱ्यापेक्षा आधी घ्या. पंखा बंद, खिडकीला पडदा, खोलीत गादी असली तर उत्तम. कुकरच्या शिट्ट्या, देवळातले कर्णे आणि पावसाळ्यातले पत्रे लक्षात घेता पहाटेची वेळ बरी. स्लाइडवर मजकूर ठेवून तोच वाचून दाखवू नका. रिचर्ड मेयर यांनी चित्र, शब्द आणि आवाज एकत्र आल्यावर माणूस कसा शिकतो यावर आयुष्यभर प्रयोग केले, त्यांच्या शिफारशींत ही ठळक आहे. डोळे आणि कान एकच गोष्ट दोनदा पकडायला धावतात आणि चित्राकडे लक्ष राहत नाही. कागद दाखवा आणि बोला, एवढंच.

व्हिडिओ किती आणि कसले? मुळाक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता हाताच्या हालचालीप्रमाणे गट करून घ्या, एका गटाला एक व्हिडिओ, पाच-सात मिनिटांचा. तुमच्या वर्गात ज्या अक्षरजोड्यांत लोक हमखास फसतात त्यांचे वेगळे व्हिडिओ करा. आकडे आणि अपूर्णांकांचा एक, महिन्यांचा एक. मी सांगेन की हेसुद्धा पहिली लाइव्ह बॅच झाल्यावर करा. कुठे अडतं याची तुमची वाचनालयातली यादी आणि ऑनलाइनची यादी वेगळी निघेल. तिथे तुम्ही मागे उभे राहून हात बघता; इथे हात दिसत नाही, फक्त झालेलं अक्षर दिसतं. भाच्याला पहिल्या बॅचला बसवा, लोक काय काय विचारतात ते टिपून घ्यायला सांगा. तीच यादी म्हणजे व्हिडिओंची यादी. आणि फी, तारीख, फोन नंबर व्हिडिओत बोलू नका. पुढच्या वर्षी त्याच व्हिडिओला कात्री लावावी लागते.

कसं करावं याचा चांगला नमुना पाहायचा असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघा. सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ आहेत, मराठीतही आहेत. पाठ एका बाजूला चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करत जायचं, अशी त्याची घडण आहे. दिसायला अगदी साधे, पण बघणाऱ्याचे हात मोकळे बसत नाहीत. केंद्र सरकारच्या स्वयंम मंचावरच्या अभ्यासक्रमांची रचनाही चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि स्वतःची चाचणी. म्हणजे व्हिडिओ हा चारातला एक. आपल्याकडचे बरेच कोर्स त्या एकावरच थांबतात.

आता तपासणीकडे येऊ, कारण तुमचे तास तिथे जाणार आहेत.

दर आठवड्याला विद्यार्थ्याकडून दोन गोष्टी घ्या. एक, हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो. दोन, दिलेला कागद मोठ्याने वाचतानाचा व्हॉट्सॲपवरचा आवाज. ही दुसरी गोष्ट सोन्यासारखी आहे. लिहून आणलेल्या लिप्यंतरात कुणाची मदत घेतली ते कळत नाही. आवाजात मात्र माणूस कुठे थबकला, कुठे अंदाजाने ठोकून दिलं, कुठे शब्द चुकीच्या जागी तोडला ते लगेच ऐकू येतं. तुम्हीही उत्तर आवाजातच द्या. लिहीत बसलात तर रात्र जाईल.

हिशोब करून बघा. एका विद्यार्थ्याचं पान आणि वाचन तपासायला सात-आठ मिनिटं लागतात. पंधरा जणांचे झाले आठवड्याचे दोन तास. साठ घेतलेत तर आठ तास, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना ‘छान’ असं लिहून मोकळे व्हाल. झूममध्ये शंभर माणसं मावतात म्हणून शंभर घ्यायची नसतात. तुमच्या हातून जितक्या वह्या नीट तपासून होतात तितकीच बॅच. पुढे वाढवायची झालीच तर जुन्या विद्यार्थ्यांतले दोघं तपासायला घ्या आणि त्यांना पैसे द्या. फुकट राबणारा मदतनीस दुसऱ्या बॅचला येत नाही.

तपासताना प्रत्येकाची चूक त्याला एकट्याला सांगा, आणि ज्या चुका चार-पाच जणांच्या सारख्या असतील त्या रविवारी सगळ्यांपुढे घ्या, नावं न घेता. माझ्या अनुभवात लोकांना हाच तास सगळ्यात जास्त आवडतो.

तपासणीचा काही भाग गूगल फॉर्मवर टाकता येईल, पण एक खाच आहे. शब्दाचा फोटो देऊन उत्तर टाइप करायला सांगितलंत आणि फॉर्मला ‘पाटील’ हे बरोबर उत्तर दिलंत, तर ‘पाटिल’ लिहिणाऱ्याला तो चूक ठरवतो. विद्यार्थ्याने कागद अगदी बरोबर वाचलेला असतो. मोडीत तो फरक दिसतच नाही. म्हणून तिथे पर्याय द्या, किंवा दोन्ही रूपं बरोबर म्हणून भरून ठेवा. या छोट्या चाचण्या मार्कांसाठी घ्यायच्या नाहीत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेचच्या परीक्षेत जास्त आठवतं, पण आठवड्याभराने वाचलेलं स्वतः आठवून बघणारे त्यांच्या पुढे गेलेले असतात. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघितला की ‘आलं मला’ असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं. प्रत्येक लाइव्ह तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या आणि त्याच्याही मागच्या आठवड्यातले शब्द पडद्यावर टाकून वाचून घ्या. तुम्ही सांगू नका, त्यांना अडखळू द्या.

कागद दाखवण्याची एक अडचण वाचनालयात येत नाही. आख्ख्या पानाचा स्कॅन फोनवर पाठवला तर अक्षर मुंगीएवढं दिसतं. बोटांनी मोठं केलं तर ओळीचा माग सुटतो. म्हणून पान ३०० डीपीआयने स्कॅन करून एकेका ओळीची पट्टी कापा, पट्ट्यांना क्रमांक द्या. पूर्ण पानाची पीडीएफ वेगळी, ज्याला छापून घ्यायची त्याने घ्यावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर तो दाबून बारीक केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि संगणकाच्या मोडी फाँटमध्ये टाइप केलेले पाठ देण्याचा मोह टाळा. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, २०१४ पासून आहे, पण कित्येक फोनवर अजून चौकोन दिसतात, आणि दिसलं तरी फाँटवर शिकलेला माणूस खऱ्या कागदापुढे नवखाच राहतो.

पुढे इतिहासाची बॅच काढलीत तर कालगणना हा स्वतंत्र आठवडा ठेवा. पेशवेकालीन पत्रातला ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हा शुहूर सन (अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष) म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, अर्थात ११६१. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मेपर्यंतच्याला साधारण ६००. पानिपतची संक्रांत १७६१ ची, ती याच सनात. असे दहा कागद दिले की गणित बोटांवर येतं, आणि ज्या पठ्ठ्याला अक्षरं जड जातात तो इथे चमकतो. पण गावच्या नोंदींच्या बॅचमध्ये हे घुसडू नका.

कागद कुठून आणणार हेही आधी बघा. वाचनालयात मूळ कागद हातोहात फिरवणं वेगळं आणि त्याची पीडीएफ जगभर जाणं वेगळं. घरगुती कागद असेल तर त्या घराची परवानगी घ्या. नोंदींमध्ये जाती आहेत, जमिनी आहेत, जिवंत माणसांचे वाद आहेत. नावं आणि गट नंबर झाकून द्या. पुरालेखागारातले किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतले कागद असतील तर त्यांच्या नियमाने लेखी परवानगी आणि श्रेय. कुणी विद्यार्थी स्वतःच्या भावकीच्या दाव्यातला कागद वर्गात वाचायला आणेल, तो वर्गात घेऊ नका.

ॲपचं आता वेगळं सांगायला फारसं उरलं नाही. पहिल्या दोन-तीन बॅचना लाइव्ह तासासाठी झूम किंवा गूगल मीट, व्हिडिओंसाठी यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसणारी) यादी, कागदांसाठी ड्राइव्ह आणि निरोपांसाठी व्हॉट्सॲप एवढं पुरतं. फुकटच्या झूममध्ये ४० मिनिटांनी तास तुटतो, फुकटच्या मीटमध्ये तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांनी. माझ्या मते ६० मिनिटांचाच तास ठेवा. मोडीकडे त्याहून जास्त वेळ टक लावून बघवत नाही. व्हॉट्सॲपवर दोन गट करा, एक फक्त तुमच्या सूचनांचा, ज्यात दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही, आणि एक गप्पांचा. नाहीतर सुप्रभातांच्या फुलांखाली गृहपाठ सापडत नाही. बॅचेस वाढल्या आणि पसारा आवरेना तर मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आहे. २००२ पासून आहे, मोफत आहे, विद्यापीठंही वापरतात, मात्र ते बसवून द्यायला जाणकार लागतो. तरीही त्या कंपनीचं ॲप घ्यावंसं वाटलं तर एवढं विचारा: फी थेट माझ्या खात्यात येते का, प्रत्येक विद्यार्थ्यामागे तुमचा वाटा किती, आणि मी सोडून गेलो तर विद्यार्थ्यांची यादी आणि माझे व्हिडिओ मला कसे परत मिळतील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार करा.

एक तांत्रिक सराव-दिवस ठेवाच, कोर्सच्या आधी. तुमचे बरेच विद्यार्थी साठीच्या आसपासचे असतील. फोन डब्याला टेकवून उभा करणं, आवाज बंद-चालू करणं, फोटो सरळ काढून पाठवणं, एवढंच त्या दिवशी. कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह धरू नका. घरात लग्नाची मंडळी असतात, कुणाचा डेटा संपत आलेला असतो. पान आलं म्हणजे माणूस हजर.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते. सरळ सांगतो, व्हिडिओ फिरणारच. पडद्याचं रेकॉर्डिंग थांबवण्याचा पक्का उपाय नाही, आणि तुमच्या मोडीसाठी कुणी इतकं करत असेल तर ती जाहिरातच समजा. मी तर म्हणेन मुळाक्षरांचे व्हिडिओ यूट्यूबवर सरळ खुले ठेवा. लोक ते बघतील, सरावाला बसतील, कागदाशी येऊन अडतील आणि तुम्हाला फोन करतील. पैसे घ्यायचे ते तपासणीचे, आणि ती फॉरवर्ड करता येत नाही. कागदांच्या पीडीएफवर मात्र विद्यार्थ्याचं नाव फिकट अक्षरांत छापा. तेवढ्याने लोक जरा सांभाळून वागतात.

फीचा आकडा असाच काढायचा. आठ आठवडे, आठवड्याला दोन तास, म्हणजे १६ तास लाइव्ह. तितकीच तयारी, १६. तपासणी आठवड्याला दोन, १६. फोन, पैशांचा हिशोब, निरोप यांचे ८. एकूण ५६ तास. पंधरा जणांकडून प्रत्येकी २,५०० रुपये घेतलेत तर ३७,५०० होतात, तासाला साधारण ६७० पडतात. हे तुम्हाला पटतं का ते तुम्ही ठरवा, पण ‘तमक्याचा कोर्स ४९९ ला आहे’ म्हणून आपला ४९९ करू नका. तो वह्या तपासत नाही. शाळा-कॉलेजातल्या मुलांना निम्मी फी हवी तर ठेवा. पूर्ण फुकट मात्र नको. फुकट बॅचला नोंदणी तुडुंब होते आणि रविवारी चार जण उगवतात. दुसऱ्या तासापर्यंत सोडलं तर पूर्ण पैसे परत, नंतर नाही, हे आधीच लेखी कळवा. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते, अशा शिकवणीवर दर १८ टक्के आहे. परदेशातून फी येणार असेल तर मात्र पहिला रुपया घेण्याआधी सीएशी बोला.

प्रमाणपत्र लोक मागतील. द्या, पण त्यावर ‘मोडी तज्ज्ञ’ वगैरे लिहू नका. अमुक व्यक्तीने आठ आठवड्यांचा वर्ग पूर्ण केला आणि आंग्लकालीन नोंदवहीचं न पाहिलेलं पान वाचून दाखवलं, एवढंच लिहा. आणि ज्याने ते पान वाचलं नाही त्याला पुढच्या बॅचच्या शेवटच्या रविवारी पुन्हा बसू द्या, वेगळी फी न घेता. सरकारी कामासाठी लिप्यंतर कुणाचं चालतं हे त्या त्या कार्यालयात विचारायला सांगा, तुमच्या प्रमाणपत्राच्या भरवशावर कुणी दाखला काढायला जाऊ नये.